गर्दी मोजायची तर आमच्याही गल्लीत मोजा

मध्यवस्तीचे आराखडे आखणाऱ्या, मंजूर करणाऱ्या आणि रस्त्यावर उतरवणाऱ्या सर्व संबंधितांना,

स. न. वि. वि.

पत्रात तुम्हाला 'आपण' म्हणावं की 'तुम्ही', इथेच माझं अडलं. मराठीत 'आपण' म्हणजे समोरचा आदरणीय माणूसही आणि तो नि मी मिळून सगळेही. अर्जांमध्ये मी आजवर पहिल्या अर्थाने 'आपण' लिहीत आले आणि उत्तरंही त्याच अर्थाची आली: 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' या वेळी सरळ 'तुम्ही' लिहिते. दुसऱ्या अर्थाचं 'आपण' पत्र संपेपर्यंत जमलं तर बघू.

मी राहते ती गल्ली शहराच्या मध्यवस्तीला पाठ टेकून उभी आहे. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांची तोंडं तिकडे आणि मागची दारं आमच्याकडे. थोडीशी घरं, दोन वळणं, एका टोकाला एक मोठं झाड. अशी गल्ली जवळजवळ प्रत्येक शहरात सापडते, म्हणून शहराचं नाव लिहीत नाही. तुमच्या नकाशावर ती बहुधा पिवळ्या रंगाची चिंचोळी पट्टी असेल. पिवळा म्हणजे निवासी. तिला लागून मध्यवस्तीचा गडद रंग. दोन रंगांच्या मधली रेघ छापताना जेवढी बारीक येते, तेवढीच ती प्रत्यक्षातही बारीक आहे. एखादी गाडी वळण चुकली तरी ती ओलांडते.

आधीच सांगते, मला मध्यवस्तीचा राग नाही. पत्ता सांगितला की लोक म्हणतात, 'वा, सगळं अगदी हाताशी!' आणि ते खरं आहे. दवाखाना, बँक, वाचनालय, बसथांबा, सगळं चालत. आमच्या समोर राहणारे आजोबा नव्वदीला टेकले आहेत. काठी टेकत, दोन ठिकाणी थांबत ते स्वतःची कामं स्वतः उरकतात, कोणाची गाडी मागत नाहीत, कोणाची वाट बघत नाहीत. गावाबाहेरच्या प्रशस्त वसाहतीत राहत असते तर मुलांच्या सवडीवर जगावं लागलं असतं. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, आणि ती न येण्याने माझं आजवर काही अडलं नाही, ते या गल्लीमुळेच. तेव्हा 'मध्यवस्तीत राहायचं आणि आवाजाची तक्रार करायची' हे वाक्य कृपया राखून ठेवा. ते मी पुष्कळदा ऐकलं आहे, एकदा तर एका बैठकीत, माइकवरून.

माझं म्हणणं एकच आहे. मध्यवस्तीसाठी तुम्ही जे जे करता त्याचा हिशेब मध्यवस्तीतच मांडता आणि तिथेच मिटवता. त्या हिशेबाची उधारी आमच्या खात्यावर चढते, पण ती कोणत्याही अहवालात दिसत नाही, कारण आमच्या गल्लीत मोजायला कोणी येतच नाही.

उदाहरणं द्यायची तर मुख्य रस्ता एकेरी झाला, तेव्हा परतीचा रस्ता म्हणून कागदावर दुसराच मोठा रस्ता होता. प्रत्यक्षात परतीचा रस्ता आम्ही झालो, कारण आम्ही जवळ पडतो. मुख्य रस्त्यावर गाडी लावायला शुल्क सुरू झालं, त्याच आठवड्यात आमच्या दारासमोर अनोळखी गाड्या सकाळी येऊन संध्याकाळी जायला लागल्या. दिवसा माल उतरवायला बंदी आली. निर्णय रास्तच होता, गर्दीत टेम्पो उभा राहिला की सगळंच तुंबतं. पण माल उतरायचा राहिला नाही. तो पहाटे, मागच्या दाराने, म्हणजे आमच्या बाजूने उतरू लागला. आणि आता मोबाइलवरचा नकाशा. पुढे कोंडी दिसली की त्यातली बाई 'डावीकडे वळा' म्हणते आणि माणसं निमूट डावीकडे वळतात. त्या नकाशाला रस्त्याची लांबी कळते, वेळ कळतो. दारात बसून दप्तर भरणारं मूल त्याला कळत नाही.

यानंतर अहवाल येतो. मुख्य रस्त्यावरून जायला लागणारा वेळ अमुक टक्क्यांनी घटला. मी त्यावर अविश्वास दाखवत नाही, घटला असेल. पण त्यातली किती गर्दी खरोखर नाहीशी झाली आणि किती नुसती आमच्या खिडकीखालून जायला लागली, हे त्या अहवालातून कळायची सोयच नाही.

इथे कोणी तज्ज्ञ म्हणतील की रस्ता अरुंद केला तर गर्दी सगळीच शेजारी सरकते असं नाही, काही विरूनही जाते. हे मला मान्य आहे. ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी २००२ साली ११ देशांतली सत्तरहून अधिक उदाहरणं तपासली. मोटारींसाठीची जागा कमी केलेल्या रस्त्यांवर आणि त्यांच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर मिळून वाहतूक किती बदलली, ते त्यांनी पाहिलं. निम्म्या उदाहरणांत एकूण वाहतूक ११ टक्के किंवा त्याहून जास्त घटली होती. लोकांनी फेरी टाळली, वेळ बदलली, पायी गेले. चांगलीच गोष्ट आहे. पण हे त्यांना कळलं कशामुळे? आजूबाजूच्या रस्त्यांचे आकडेही हिशेबात धरले म्हणून. नुसता मुख्य रस्ता मोजला असता तर विरलेली गाडी आणि पळवाट काढलेली गाडी यांतला फरक त्यांना सांगता आला नसता. तुमचाही प्रयोग यशस्वी झाला असेल. तो तसा झाला हे सिद्ध करायचा कागद मात्र तुमच्याकडे नाही.

मी एकदा स्वतः मोजून पाहिलं. दिवसभर खिडकीत बसून वहीत रेघा ओढल्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. दुपारी भाचीने दोन तास बदली केली, कारण डोळे मिटायला लागले. तो आकडा इथे देत नाही. एका दिवसाच्या मोजणीवर, तीही तक्रारदाराने केलेल्या, मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. पण मोजताना एक गोष्ट लक्षात आली: थांबलेल्या गाड्या ओळखीच्या होत्या, न थांबता गेलेल्या जवळजवळ सगळ्या अनोळखी.

आता एक गणित मांडते. गृहीत उदाहरण आहे, पण हिशेब खरा आहे. समजा मुख्य रस्त्यावर दिवसाला १०,००० गाड्या जातात आणि गल्लीतून ५००. मुख्य रस्त्यावरच्या ५०० गाड्या गल्लीकडे वळल्या. मुख्य रस्त्यावर किती फरक पडला? पाच टक्के. तिथल्या आवाजात सुमारे ०.२ डेसिबल, जो कोणाच्याही कानाला कळणार नाही. गल्लीतली वाहतूक मात्र दुप्पट झाली आणि आवाज ३ डेसिबलने चढला. डेसिबलचं मोजमाप साध्या बेरजेने चालत नाही. दहाच्या वीस गाड्या झाल्या काय किंवा हजाराच्या दोन हजार झाल्या काय, वाढ तेवढीच, ३ डेसिबल. उलट बाजूने पाहिलं तर कानाला 'आवाज निम्मा झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे गाड्या एक दशांशावर याव्या लागतात. गोंगाटाच्या रस्त्याला शांत करणं महाकठीण आणि शांत गल्लीला बिघडवणं अगदी सोपं, ते यामुळे. ज्या पाचशे गाड्या काढल्याचं तिकडे कोणाला कळलंही नाही, त्या इकडे आल्याचं प्रत्येक घराला कळलं.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर रात्रीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी ज्या मर्यादा सुचवल्या, त्यांत वाहतुकीचा आवाज दिवस-रात्र मिळून ५३ डेसिबलच्या खाली आणि रात्रीचा ४५ च्या खाली असावा असं म्हटलं आहे. दिवस-रात्रीचा हा आकडा काढताना संध्याकाळच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबल वरून मिळवतात, कारण झोपलेल्या माणसाला तोच आवाज जास्त लागतो. सुज्ञ पद्धत आहे. पण अखेर ही सरासरीच, आणि माणूस सरासरीने जागा होत नाही. पहाटे चारला टेम्पो मागे घेताना वाजणारी ती टीं-टीं, मागून फळीचं दार लोखंडी चौकटीवर आदळणं, आणि 'अजून घे, अजून घे, बस्स!' एवढं तीन मिनिटांत आटोपतं. आठ तासांच्या सरासरीत ते विरघळून जातं. आमच्याकडे मात्र एक तान्हं मूल, त्याची आई आणि भिंतीपलीकडची मी, अशा तिघांची रात्र तिथेच संपते. टेम्पोवाल्याला मी दोष देत नाही. त्याला दिवसा यायची बंदी तुम्ही केलीत, आणि पहाटे यायला सांगताना तो कोणाच्या खिडकीखाली उभा राहील हे कोणी पाहिलं नाही.

गाड्या लावण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गल्लीतली निम्मी भांडणं त्यावरून होतात आणि त्यात आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही.

आमची गल्ली सहा मीटर रुंद. एक मोटार साधारण १.८ मीटर. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की ३.६ मीटर गेले, उरले २.४. आगीचा बंब सुमारे अडीच मीटर रुंद असतो, आरसे वेगळे. हे गणित तिसरीतल्या मुलालाही सुटतं. गाड्या भिंतीला चिकटून लागत नाहीत, हे तर मी धरलेलंच नाही. एका संध्याकाळी रुग्णवाहिका आली आणि कोपऱ्यावर अडकली. तिच्यापुढची गाडी कोणाची, हे शोधायला दोन तरुण मुख्य रस्त्यावर दुकानादुकानांत फिरले. मालक सापडला, रुग्णही वाचला. त्यामुळे या प्रसंगाची कुठे नोंद नाही. नोंद होण्यासाठी काय घडावं लागतं, ते लिहायची इच्छा नाही.

गाडी येऊन लागते त्याआधी ती फिरते. वाहनतळांचा आयुष्यभर अभ्यास केलेले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी लॉस एंजेलिसमधल्या वेस्टवुड व्हिलेज या पंधरा ब्लॉकच्या, म्हणजे रस्त्यांनी वेढलेल्या पंधरा चौकोनांच्या, छोट्या भागात हे मोजून काढलं. रस्त्याच्या कडेला जागा शोधायला एका चालकाला सरासरी ३.३ मिनिटं लागत आणि तेवढ्यात तो सुमारे अर्धा मैल फिरे. एकट्याचं बघितलं तर किरकोळ. पण वर्षभराची बेरीज साडेनऊ लाख मैल निघाली, म्हणजे पृथ्वीला ३८ प्रदक्षिणा, पंधरा ब्लॉकमध्ये! मध्यवस्तीत सशुल्क आणि गल्लीत फुकट अशी रचना तुम्ही केलीत की त्या प्रदक्षिणा आमच्या दारातून सुरू होतात. चालकाचं काय चुकलं? समोर दोन ताटं मांडली आणि एक फुकट ठेवलं तर माणूस फुकटच्याच ताटावर बसणार.

आता आमच्याबद्दल. आमच्यातले काही जण रस्त्यावर कुंड्या आणि मोडक्या खुर्च्या मांडून जागा धरतात. रस्ता सार्वजनिक आहे हे तेव्हा कोणाला आठवत नाही. काही घरांत दोन गाड्या आहेत आणि अंगणात एकीचीच जागा. तिथेही अडगळ, म्हणून दोन्ही बाहेर. 'रहिवाशांना फुकट, बाकीच्यांना बंदी' अशी मागणी मागे गल्लीतून झाली होती. मी सही केली नाही. त्यावरून दोन घरांशी अजून अबोला आहे. माझं मत असं की गल्लीत गाडी लावायला पैसे पडावेत, रहिवाशांनाही, थोडे का होईना, बाहेरच्यांना जास्त. पण त्या पैशाचं पुढे काय होतं हे गल्लीला दिसलं पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पासाडेना भागात १९९३ साली मीटर बसवले, तेव्हा विरोध होणार हे ठरलेलं होतं. तिथल्या नगरपालिकेने मीटरचं उत्पन्न त्याच भागाच्या पदपथांवर, दिव्यांवर, साफसफाईवर खर्च करायचं कबूल केलं आणि विरोध मावळला. आमच्याकडे पैसे गोळा झाले तर ते मोठ्या तिजोरीत पडतील आणि गल्लीतला दिवा तसाच लुकलुकत राहील, ही भीती आहे. ती खोटी ठरवणं तुमच्या हातात आहे.

वेगाबद्दल थोडक्यात. ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला समोर मूल दिसलं, तर दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. ताशी ३० ने येणारी गाडी, तो सेकंद धरूनही, साधारण १३-१४ मीटरमध्ये पूर्ण थांबते. म्हणजे एक गाडी जिथे थांबून उभी आहे, तिथे दुसरीने अजून ब्रेकही लावलेला नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने मोठे रस्ते वगळून सगळीकडे ३० ची मर्यादा घातली ती १९९२ साली. तेव्हा हा काही नवा शोध नाही. नुसत्या पाटीने भागत नाही, हेही खरं. आमच्याकडे पाटी आहे. तिच्या खांबाला आता कोणीतरी सायकल बांधून ठेवतं.

पण गल्लीतून गाड्या वाढल्या की सगळ्यांत आधी जातं ते काही वेगळंच असतं, आणि ते सरकारी रकान्यात बसत नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनाकाराने ते रकान्यात बसवून दाखवलं. १९६९-७० च्या सुमारास त्याने सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते घेतले. घरं साधारण सारखी, माणसं सारखी, फरक वाहतुकीत. एकावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,००० आणि तिसऱ्यावर १६,०००. प्रत्येक घरी जाऊन विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती, तोंडओळखीचे किती? शांत रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र आणि ६.३ ओळखीचे, गर्दीच्या रस्त्यावर ०.९ मित्र आणि ३.१ ओळखीचे. मग विचारलं, 'तुमचं घर' म्हणजे कुठून कुठपर्यंत, नकाशावर काढून दाखवा. शांत रस्त्यावरच्यांनी पुष्कळदा अख्खा रस्ताच वेढून घेतला. गर्दीच्या रस्त्यावरच्यांची रेघ स्वतःच्या इमारतीच्या उंबऱ्याशी थांबली, काहींची तर त्याच्याही आत. हा माणूस १९८२ साली अथेन्समध्ये भरधाव मोटारीखाली सापडून गेला.

हे वाचलं तेव्हा मी आमच्या गल्लीत मनातल्या मनात ती रेघ काढून पाहिली. पूर्वी संध्याकाळी खुर्च्या दारात यायच्या. मग उंबऱ्याच्या आत गेल्या. आता खिडक्या बंद, पंखे सुरू. समोरच्या काकूंशी मी अजून रोज बोलते, पण फोनवर. मधे सहा मीटरचा रस्ता आहे.

मुलांबद्दल तर बोलायलाच नको. 'मुलं हल्ली बाहेर खेळत नाहीत' असं त्याच बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं. जणू मुलांच्या आवडीच बदलल्या!

आणखी एक प्रकार हळूहळू चालू आहे. एखादं घर रिकामं होतं, तळमजल्याला कार्यालय येतं किंवा दुकानाचं गोदाम. वरच्या मजल्यावर दोन-दोन रात्रींसाठी पाहुणे. प्रत्येक बदलाला वेगळी परवानगी, आणि सुटी सुटी पाहिली तर एकही गैर नाही. पण रात्री दहानंतर गल्लीत उभं राहून खिडक्या मोजा. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली सुमारे १,७५,००० माणसं राहत होती. २०२२ मध्ये ती ५०,००० च्याही खाली आली. तिथल्या इमारती उभ्याच आहेत, उलट पूर्वीपेक्षा नीट रंगवलेल्या असतील. आमची गल्ली म्हणजे व्हेनिस नव्हे, कोणी बघायला येणार नाही. पण मध्यवस्ती रात्री ओस पडते म्हणून तुम्ही दिवे वाढवता, कॅमेरे लावता, तेव्हा लक्षात घ्या की रात्री तिथे चाहूल असते ती या लगतच्या गल्ल्यांमधल्या माणसांचीच. कोणी औषध आणायला निघतं, कोणी कुत्र्याला फिरवतं, कोणी उशिरा येणाऱ्या मुलीची वाट बघत गॅलरीत उभं असतं. ती माणसं गेली की कॅमेऱ्याला दिसायला कोणी उरणार नाही.

परवानगी देताना 'आधी कोण होतं' हा प्रश्न विचारायची पद्धत काही ठिकाणी आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये तो नियमच केला: बदल जो घडवतो, आवाजाचा बंदोबस्तही त्यानेच करायचा. गंमत अशी की तो मुख्यतः संगीताच्या जुन्या जागा वाचवायला आणला गेला. शेजारी नवी घरं झाली तर भिंती जाड करायचा खर्च घरं बांधणाऱ्याचा, गाणाऱ्यांचा नव्हे. मला तो न्याय पटतो. जिथे आधीपासून गाणं-बजावणं चालत आलं आहे तिथे मी नव्याने राहायला जाऊन नाक मुरडणार नाही. त्याच न्यायाने, घरांच्या ओळीत नव्याने येऊन गच्चीवर ध्वनिवर्धक लावणाऱ्याने भिंतीचा खर्च करावा. न्याय एकच, फक्त दोन्ही बाजूंनी लावा.

या सगळ्यावर 'हरकती व सूचना' मागवल्या होत्या, असं तुम्ही म्हणाल. मागवल्या होत्या. कामाच्या दिवशी, दुपारी तीन वाजता. सूचनेत रस्त्याचा क्रमांक होता, नाव नव्हतं. आमच्या रस्त्याला क्रमांक आहे हेच आम्हाला त्या दिवशी कळलं. व्यापाऱ्यांची संघटना आहे, तिचा अध्यक्ष आहे, लेटरहेड आहे. ते आले, बोलले, त्यांचं म्हणणं इतिवृत्तात आलं. यात त्यांचं काही चुकलं नाही. ते संघटित आहेत, आम्ही नाही. आम्ही जमतो ते पाणी गेलं की किंवा कोणी गेलं की.

म्हणून या पत्रात मागणी लिहिते आणि ती मुद्दाम लहान ठेवते. मध्यवस्तीतल्या कोणत्याही बदलाआधी तिला लागून असलेल्या गल्ल्यांमध्येही मोजणी करा: किती गाड्या गेल्या, किती थांबल्या, रात्री किती वेळा आवाज उसळला. एकट्या सरासरीवर जाऊ नका. सहा महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा आणि गल्लीच्या तोंडाशी लावा. आकडे वाढले असतील तर निर्णय रद्दच करा असं मी म्हणत नाही. पण मग पुढचं पाऊल तुमच्यावर येईल: गल्लीच्या मधोमध काढता-घालता येणारे खांब, जेणेकरून बंब आणि रुग्णवाहिका जाईल आणि पळवाट बंद होईल, किंवा माल उतरवायला ठरलेली जागा आणि सकाळची ठरलेली वेळ, किंवा नेदरलँड्समध्ये १९७६ पासून कायद्यात असलेला तो प्रकार, ज्याला ते वोनर्फ म्हणतात. तिथे रस्त्याची पूर्ण रुंदी पायी चालणाऱ्याची आणि खेळणाऱ्या मुलांची. गाडीला मज्जाव नाही, मात्र तिने माणसाच्या चालीने जायचं आणि आखून दिलेल्या जागेतच थांबायचं. यांपैकी काय करायचं, हे आकडे समोर आल्यावर ठरवता येईल. आकडेच नसतील तर जो मोठ्याने बोलेल त्याचं खरं.

फाटक मात्र नको. गल्लीच्या दोन्ही टोकांना फाटक बसवून पहारेकरी ठेवावा असं आमच्यातल्या काहींना वाटतं, आणि या पत्रात ते लिही असा आग्रहही झाला. मी लिहीत नाही. पलीकडच्या वस्तीतली माणसं आमच्या गल्लीतून चालत बसथांब्याला जातात, शाळकरी पोरं सायकली दामटत जातात, एक आंधळे गृहस्थ रोज भिंतीला हात लावत जातात आणि तिसऱ्या दारापाशी थांबून वेळ विचारतात. त्यांचं येणंजाणं थांबलं तर गल्ली शांत होईल, पण मग मध्यवस्तीपासून पाच मिनिटांवर राहण्यात अर्थ तो काय उरला?

मोजणीचा दिवस ठरला की कळवा. माणूस पाठवाल त्याला उन्हात उभं करू नका. माझी खिडकी पहिल्या मजल्यावर आहे आणि तिथून गल्लीची दोन्ही टोकं दिसतात. पहाटेच्या पाळीला कोणी मिळालं नाही तर ती मी करीन, तशीही मी जागीच असते. वही माझ्याकडे आहे. रेघा तुम्ही ओढा, किंवा आपण मिळून ओढू.

कळावे,

तुमची एक रहिवासी,
मुख्य रस्त्याच्या मागची गल्ली